बेटावरची मुले आणि त्यांची वाद्ये

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात, बॅरा नावाचे एक लहानसे बेट आहे. वस्ती हजार-बाराशेच्या घरात. उच्च शिक्षण वा नोकरी हवी असेल तर तरुणांनी बेट सोडावे, हा तेथला जुना शिरस्ता. घरोघरी गायली जाणारी गेलिक गाणी आणि फिडलवरच्या चाली नव्या पिढीच्या कानांवर पडेनाशा झाल्या आहेत, हे ओळखून तेथील काही मंडळींनी १९८१ साली मुलांसाठी ‘फेश’ भरवला. फेश म्हणजे उत्सव. पण हा उत्सव पाहण्याचा नव्हे, शिकण्याचा. आज स्कॉटलंडमध्ये असे चाळीसहून अधिक फेश चालतात, आणि त्यांत तयार झालेली मोठी मुले उन्हाळ्यात बँड करून गावोगाव कार्यक्रम करतात. आयर्लंडमध्ये हेच कार्य ‘कोल्तस’ ही संस्था १९५१ पासून करीत आली आहे. तिच्या वार्षिक महोत्सवात बारा वर्षांखालील मुलांचेही वाद्यवृंद स्पर्धेला उतरतात.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्या मनात येईल. या संगीताची घडणच किशोरवयीन मुलाला सामावून घेणारी आहे, म्हणून. फिडल, बासरीसारखी टिन व्हिसल, कॉन्सर्टिना अशी वाद्ये बहुधा एकच चाल एकत्र वाजवतात. सहा छिद्रांची साधी व्हिसल अल्प किमतीत मिळते. नवशिक्या मुलाला चालीतले चारच सूर साधले तरी तो मागच्या रांगेत बसून तेवढेच वाजवतो, आणि त्याचे चुकणे कोणाच्या लक्षातही येत नाही. एकट्याने सर्वांसमोर उभे राहण्याच्या धास्तीने ज्यांचे पोट दुखते, अशा मुलांच्या पालकांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

शिक्षण मुख्यतः कानाने होते. शिक्षक एक ओळ वाजवतो, मुले ती परत वाजवतात. गुरुमुखातून शिकण्याची परंपरा जपणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये. जिगचा ताल सहा मात्रांचा, म्हणजे दादरा ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा असा. रील मात्र चाराच्या वेगवान चालीत धावते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या मैफलींत चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आजोबा शेजारी बसतात, आणि दोघांनाही तीच चाल येत असते. समवयस्कांपलीकडे एखादे वडीलधारे माणूस आपले ऐकून घेते, हा आधार त्या वयात दुर्मीळच.

मात्र संगीत म्हणजे औषध नव्हे, आणि वाद्यांनाही पथ्य असते. हायलँड बॅगपाईपच्या पिशवीत वादक तोंडाने हवा भरतो. श्वासातील ओलावा आत साचतो आणि बुरशीस आश्रय मिळतो. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील एका ६१ वर्षांच्या वादकाची हकीकत प्रसिद्ध झाली. तो रोज पाईप वाजवीत असे. फुप्फुसांच्या दाहाने तो जर्जर झाला होता. पाईप घरी ठेवून तीन महिने परदेशी राहिला तेव्हा त्याला आराम पडला होता. पुढे पाईपच्या आत अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. तो रुग्ण वाचला नाही. आयरिश इलन पाईप्समध्ये हवा कोपराखालच्या भात्याने भरली जाते, त्यामुळे तेथे श्वासाच्या ओलाव्याचा प्रश्न येत नाही. तोंडाने फुंकण्याचे कोणतेही वाद्य असो, ते वाजवून झाल्यावर पुसून, पूर्ण सुकवूनच पेटीत ठेवावे आणि दुसऱ्याच्या तोंडचे वापरू नये.

दुसरे पथ्य कानांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज प्रौढांनी आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. १०० डेसिबलला ही मुदत जेमतेम वीस मिनिटांवर येते. पाईप आणि ड्रम एकत्र वाजू लागले की बँडमध्ये उभ्या असलेल्या मुलाच्या कानाशी आवाज शंभरापलीकडे सहज जातो. म्हणून आवाज रोखणारी कर्णरोधके सरावातही लावावी लागतात. आपले मूल भाद्रपदात ढोल-ताशा पथकात जात असेल, तर हीच काळजी त्याच्या कानांचीही घ्या. कापसाचा बोळा त्यासाठी पुरेसा नाही. आणि वादनानंतर कानांत गुणगुण वा दडे राहिले, तर दुसऱ्या दिवशीचा सराव चुकवून कानांच्या डॉक्टरांना दाखवावे.