दुर्मिळ चिनी अलंकारांचा संग्रह : पारख, जतन आणि जबाबदारी

प्रस्तावना :
अलंकार ही केवळ शोभेची वस्तू नसून तो धारण करणाऱ्याचा दर्जा, श्रद्धा व तत्कालीन कारागिरी यांची साक्ष देणारे ऐतिहासिक साधन होय. मिंग (१३६८-१६४४) व छिंग (१६४४-१९१२) राजवटींतील चिनी अलंकार आज जगभरातील संग्रहालयांत व खासगी संग्रहांत विखुरलेले आहेत. त्यांची पारख कशी करावी आणि संग्राहकाचे उत्तरदायित्व कोणते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अलंकारांचे स्वरूप :
चिनी परंपरेत जेडचे स्थान अनन्यसाधारण आहे. जेड या एका नावाखाली दोन भिन्न खनिजे येतात. खोतान परिसरातून येणारे नेफ्राइट प्राचीन काळापासून वापरात होते. हिरवेगार जेडाइट मात्र अठराव्या शतकापासून ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. दुसरा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार म्हणजे ‘तिएनत्सुई’. यात सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूच्या चौकटीत खंड्या पक्ष्याची निळी पिसे सरसाने चिकटवीत. बीजिंगजवळील तिंगलिंग या मिंगकालीन थडग्याच्या उत्खननात (१९५६-५८) सम्राज्ञींचे चार मुकुट सापडले. त्यांवर मोती व रत्ने यांच्या जोडीला हेच पिसांचे काम आढळते. छिंग दरबारातील अधिकाऱ्यांची १०८ मण्यांची माळ हा तिसरा प्रकार. चार मोठे मणी तिचे समान भाग पाडीत.

दुर्मिळतेची कारणे :
१९१२ मध्ये राजेशाही संपुष्टात आली. आश्रय गमावलेल्या अनेक सरदार घराण्यांनी अलंकार विकले. दरबारी माळा तोडून त्यांचे मणी सुटे विकले गेले. त्यामुळे अखंड माळ क्वचितच आढळते. पिसांच्या कामाचे भवितव्य आणखी नाजूक ठरले. सरस सुकतो, कीड लागते, हाताळताना पिसे झडतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही कला मागे पडली व तिची जागा बहुतांशी निळ्या मीनाकारीने घेतली.

पारख व जतन :
नेफ्राइटची सापेक्ष घनता सुमारे २.९५, तर जेडाइटची सुमारे ३.३३ असते, त्यामुळे सुट्या खड्याची ओळख पाण्यातील वजनावरून पटू शकते. तथापि, आम्लाने धुऊन राळ भरलेले जेडाइट डोळ्यांना फसविते. त्यासाठी अवरक्त वर्णपटाची तपासणी आवश्यक ठरते. भिंगाखाली पिसाचे समांतर बारीक तंतू दिसतात, तर मीनाकारीचा पृष्ठभाग काचेसारखा असतो. खंड्याच्या पिसाचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होतो. म्हणूनच तो शतकानंतरही टवटवीत राहतो. झडलेल्या जागी रंगविलेली पिसे बसविण्याचा मोह संग्राहकाने टाळावा. अशा दुरुस्तीने वस्तू सुंदर दिसते, परंतु तिची साक्ष दूषित होते. प्रखर प्रकाश, दमटपणा व वारंवार हाताळणी यांपासून ती दूर ठेवणे हेच खरे जतन होय.

कायदा व नैतिकता :
वस्तू अस्सल असणे पुरेसे नाही. ती कोठून व कोणाच्या हातांतून आली, हेही ज्ञात असावे लागते. तिंगलिंगचे उत्खनन शासनाने रीतसर केले, तरीही हवेशी संपर्क येताच तेथील अनेक रेशमी वस्त्रे खराब झाली. मग चोरट्या उत्खननात काय उरत असेल? तेथे कर्णभूषण हाती लागते, पण ते कोणाचे, कोणत्या काळातील व कशासोबत ठेवलेले होते, हे कायमचे पुसले जाते. सांस्कृतिक वारशाच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोने १९७० मध्ये करार केला. भारत १९७७ मध्ये व चीन १९८९ मध्ये त्यात सहभागी झाला. १९११ व त्यापूर्वीच्या मौल्यवान वस्तू देशाबाहेर नेण्यास चीनमध्ये तत्त्वतः मनाई आहे. भारतातही १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीस निर्यात करता येत नाही. म्हणून जुनी पावती, लिलावाची यादी, कौटुंबिक छायाचित्र यांचे मोल अलंकाराइतकेच मानावे.

समारोप :
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील चिनी कलावस्तू आहेत. खासगी आवड सार्वजनिक ज्ञानात कशी परिणत होते, याचे हे उदाहरण आहे. संग्राहक हा वस्तूचा मालक असला तरी तिच्या इतिहासाचा केवळ विश्वस्त असतो. नोंदीविना जपलेला अलंकार दागिना म्हणून टिकतो. नोंदींसह जपलेला अलंकार पुढील पिढ्यांसाठी इतिहासाचे साधन ठरतो.