जेवण दुपारी, फिका चार वाजता

वर्षानुवर्षं पैसे साठवून जोडीनं स्टॉकहोम गाठावं आणि पहिल्याच रात्री हॉटेलचं बिल पाहून डोळे पांढरे व्हावेत! म्हणून मुख्य जेवण दुपारी उरका. कामाच्या दिवशी 'डागेन्स लंच'मध्ये ठराविक किमतीत गरम पदार्थ, सॅलड, पाव आणि बहुधा कॉफीही मिळते. पाणी नळाचंच प्या, उत्तम असतं. चारच्या सुमाराला 'फिका', म्हणजे कॉफी आणि वेलदोड्याचा बन. तो वास आला की परकेपणा निम्मा पळतो. शाकाहारी सौभाग्यवतींनी मात्र सांभाळावं. गुरुवारच्या साध्या दिसणाऱ्या वाटाण्याच्या सूपमध्येही डुकराचं मांस असतं. वाइन हवी असेल तर शनिवारी दुपारीच सरकारी दुकान गाठा, रविवारी ते बंद! कोपनहेगनला ही कटकट नाही. तिथं वाइन वाण्याकडेही मिळते.