लेखांक चौदावा : एका कचेरीत पत्ते वाटणारे दोघे

नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस या यंत्रणेकडे या आठवड्यात वळावयाचे ठरले होते. परंतु मुरबाड तालुक्यातील धसईहून एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यातील अडचण इतकी नमुनेदार व तिच्या मुळाशी असलेले तत्त्व मला इतके प्रिय आहे की, डीएनएसला तूर्त मुदतवाढ देणे भाग पडले.

पत्रातील हकीकत अशी. कचेरीत चार संगणक. लाईट जाऊन परत आली की त्यांपैकी दोघांचे नेट चालते, दोघांचे चालत नाही. आणि आज जे चालले ते उद्या चालेलच असे नाही. लाईन पुरविणाऱ्यांचा माणूस येऊन ‘लाईन ठीक आहे’ असा निर्वाळा देऊन गेला. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हही केबल जोडलेली आहे असेच सांगते. राऊटर बंद करून चालू करणे हा सर्वांना ठाऊक असलेला उपायही करून झाला, पण त्याने गुण येतो तो केवळ काही वेळापुरता.

गोरखगडाच्या वाटेवरचे गाव म्हणून धसई गिरिप्रेमींना पूर्वीपासून परिचित आहे; परंतु १ डिसेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीनंतरच्या त्या ओढगस्तीच्या दिवसांत, राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक व बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने तेथील दुकानदारांच्या गल्ल्यांवर कार्ड घासण्याची यंत्रे आली. ज्या गावाचा बाजार एकदा तरी तारेच्या भरवशावर उभा राहिला, त्या गावाला ‘नेट गेले’ एवढ्या मोघम फिर्यादीवर समाधान मानून चालणार नाही. नेमके कोठून गेले याचा तपास तेथल्या तेथे करता आला पाहिजे.

आता मूळ विषय. कचेरीतील संगणक सुरू होतो तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता नसतो. ज्याला पत्ताच नाही तो कोणा एकाला उद्देशून विचारणार तरी कसा? म्हणून तो जाळ्यातील सर्वांना ऐकू जाईल अशी पृच्छा करतो, ती ऐकून पत्ते वाटणारे यंत्र एक पत्ता देऊ करते, संगणक तो मागून घेतो आणि ते यंत्र त्यावर मान्यतेची मोहर उठविते. या चार पायऱ्यांच्या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. आज सर्वत्र चालू असलेले त्याचे नियम राल्फ ड्रोम्स यांनी १९९७ साली लिहून प्रसिद्ध केले. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीने मिळतो, आणि मुदत निम्मी सरली की संगणक स्वतःहून नूतनीकरणाची विनंती करतो. पत्त्याबरोबरच बाहेर पडण्याचा दरवाजा कोणता, म्हणजे गेटवे कोणता, हेही तेच यंत्र सांगते.

या सुंदर व्यवस्थेत विश्वासाची एक फट आहे. उत्तर देणारा अधिकृत आहे की नाही, हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन त्या नवागत संगणकापाशी नसते. सामान्यतः जो प्रथम उत्तर देतो त्याचेच तो ऐकतो. एका गावात दोन कुलकर्णी दोन दप्तरे मांडून बसले आणि दोघेही उतारे देऊ लागले, तर उतारा दोघांचाही पक्काच दिसेल, पण सरकारात काम मात्र एकाच्याच उताऱ्यावर होईल. तसाच हा प्रकार आहे.

हा दुसरा येतो कोठून? बहुधा कोणाच्या तरी सद्हेतूतून. आतल्या खोलीत मोबाईलला रेंज नसते, म्हणून कोणी घरचा जुना वायफायचा डबा आणून कचेरीच्या केबलला जोडतो. त्या डब्याच्या पाठीमागे बाहेरच्या लाईनसाठी एक वेगळे छिद्र आणि आतल्या यंत्रांसाठी बहुधा चार सारखी छिद्रे असतात. केबल त्या चारांपैकी एकात बसली की कचेरीत पत्ते वाटणारे दोघे झाले. जोडणाऱ्याच्या मोबाईलला त्या क्षणी खऱ्या राऊटरचे उत्तर आधी मिळाले तर सारे सुरळीत दिसते आणि संशयाला जागाच राहत नाही. पुढे लाईट जाऊन आली, सर्व यंत्रे एकदमच जागी झाली, की त्या डब्याचे उत्तर काहींना आधी पोहोचते. तो त्यांना स्वतःलाच दरवाजा म्हणून दाखवितो, आणि त्या दरवाजापलीकडे भिंत असते. म्हणजे लाईन तपासणाऱ्याचे म्हणणे खरे आणि वाचकांची तक्रारही खरी.

याची रुजुवात करणे सोपे आहे. नेट न चालणाऱ्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडावी, आयपीकॉन्फिग हा शब्द, मग एक जागा सोडून तिरकी रेघ व ऑल असे लिहावे, आणि येणाऱ्या यादीत ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ शोधावी. हेच चालणाऱ्या संगणकावर करावे. एकीकडे १९२.१६८.१.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.१ असे दिसले की तपास संपला. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र कोणीच उत्तर दिलेले नाही. तो केबलीचा किंवा स्विचचा रोग असून त्याची चिकित्सा गेल्या आठवड्यात झाली.

खरी कसोटी लागते ती दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवीत असतील तेव्हा. तेथे वरील ओळ दोन्हीकडे सारखीच दिसते, आणि पुष्कळ अनुभवी माणसेही येथून माघारी फिरतात. अशा वेळी एआरपी, एक जागा, आडवी रेघ व ए ही आज्ञा द्यावी. ती त्या पत्त्यामागच्या यंत्राचा सहा जोड्यांचा भौतिक क्रमांक दाखविते. हा क्रमांक यंत्राच्या अंगचा असतो, आणि पहिल्या तीन जोड्यांवरून त्याचा निर्माताही ओळखता येतो. पत्ता एक आणि क्रमांक दोन, हे डोळ्यांनी पाहण्याचा आनंद प्रत्येकाने एकदा तरी घ्यावा.

उपाय क्रमाने करावा. प्रथम तो डबा केबलीवरून सोडवावा, कारण तो जोडलेला असताना केलेली प्रत्येक दुरुस्ती संशयास्पद ठरते. नंतर, जुन्या पत्त्याची मुदत उरलेली असल्याने संगणक तोच धरून बसतो, म्हणून आयपीकॉन्फिगला रिलीज व मग रिन्यू अशा दोन आज्ञा द्याव्यात. वायफाय हवेच असेल तर डबा एकट्या लॅपटॉपला जोडून त्यातील डीएचसीपी बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राऊटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा ठेवावा, आणि मगच केबल आतल्या छिद्रात लावावी. डब्याचे डीएचसीपी चालू ठेवून ती बाहेरच्या छिद्रात लावली तरी मोबाईल बहुधा चालतील, पण डब्यामागील यंत्रे कचेरीतील संगणकांना दिसणार नाहीत. महागड्या स्विचमध्ये अमुक एका छिद्रातून आलेलीच पत्त्यांची उत्तरे मान्य करावीत असा बंदोबस्त करता येतो. चार संगणकांसाठी तो खर्च करू नये, परंतु जेथे कोणीही येऊन केबल खुपसू शकतो अशा शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत मी त्याचा आग्रह धरीन.

पत्राच्या शेवटी वाचकांनी जाता जाता असेही लिहिले आहे की, जो संगणक चालतो त्याच्यावरही कधी कधी बाकी सर्व उघडते आणि सातबाऱ्याचे संकेतस्थळ तेवढे उघडत नाही. तो रोग निराळा. ते संकेतस्थळच बंद नसेल, तर त्याचा तपास डीएनएसपासून सुरू होतो, तो पुढील आठवड्यात.