नक्षी आपली, नोंद कोणाच्या नावावर?

हिमरू ही आपल्या शहराची जुनी ओळख. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा विणकरही आले, असे परंपरा सांगते. सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन हातमागावर नवी नक्षी बसवायला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. यंत्रमागावर तिची नक्कल मात्र झटपट निघते आणि स्वस्तात विकली जाते. यावर कायद्यात उपाय आहे. तो वेळीच करावा लागतो, एवढेच.

डिझाइन कायदा २००० हा ११ मे २००१ पासून लागू आहे. डिझाइनची नोंदवही कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात ठेवली जाते. अर्ज मात्र मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयातही देता येतो. एकट्या कारागिराला एका नक्षीमागे अर्जाची सरकारी फी एक हजार रुपये आहे. तपासणीत नक्षी नवी ठरली की मालकाचे नाव व पत्ता नोंदवहीत चढतो आणि नोंद साप्ताहिक पत्रिकेत जाहीर होते. मग ती कोणालाही पाहता येते. हक्क १० वर्षांचा. मुदत संपण्यापूर्वी अर्ज व फी भरल्यास आणखी ५ वर्षे मिळतात. नक्कल करणाऱ्याकडून प्रत्येक उल्लंघनामागे २५ हजारांपर्यंत, एका डिझाइनसाठी एकूण ५० हजारांपर्यंत रक्कम वसूल करता येते. किंवा भरपाई व मनाईहुकूम मागता येतो.

अडचण अशी की, अर्जाआधी नक्षी बाजारात आली तर ती 'नवी' राहत नाही. कापडाच्या नक्षीला कायद्याने एक सवलत दिली आहे: विश्वासाने घेतलेली पहिली गुप्त ऑर्डर ही प्रसिद्धी मानली जात नाही. तरीही आम्ही म्हणू, आधी अर्ज, मग नमुना.

वाडवडिलांच्या जुन्या बुट्ट्यांचे काय? त्या कोणा एकाच्या नावावर होऊ शकत नाहीत. कोणी तशी नोंद करून घेतलीच, तर संबंधित व्यक्तीला ती रद्द करण्यासाठी नियंत्रकांकडे अर्ज करता येतो. तिथे तोंडी सांगणे पुरत नाही. जुनी शाल, तारखेचे बिल, जुना फोटो असे पुरावे लागतात. ते जपून ठेवावेत. अख्ख्या परंपरेच्या नावाचे रक्षण करायचे तर भौगोलिक निर्देशनाची वेगळी नोंदवही चेन्नईत आहे. आपल्या शेजारच्या पैठणीची नोंद तिथे झालेली आहे.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. मोबदला देऊन दुसऱ्यासाठी नक्षी काढून घेतली, तर कायद्याने मालक पैसे देणारा ठरतो, काढणारा नव्हे. म्हणून मजुरी ठरवतानाच हक्क कोणाचा, हेही कागदावर यावे. नोंदलेली नक्षी विकली तर करार लेखी करून सहा महिन्यांच्या आत नोंदीसाठी अर्ज द्यावा. व्यापारी आणि कारागीर दोघांचेही हित यातच आहे.