रणगाडा, पण वरून बघितलेला

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान अगदी मन लावून बनवतात आणि खालचा रणगाडा म्हणजे नुसता डबा! जर्मनांचा टायगर-१ त्यात घालायला बसलो, तेव्हा कळलं की खरी मेहनत चित्रात नाहीच.

एकाच रणगाड्याची तीन-चार मॉडेल्स लागतात. जवळच्यात चाकं, पट्टे, तोफ सगळं. लांबच्यात जेमतेम काही त्रिकोण. नाहीतर तीस रणगाडे एकदम दिसले की कॉम्प्युटर मान टाकतो.

मग येतं चिलखत. सुरुवातीच्या टायगरचं वजन सुमारे ५७ टन. समोरचा पत्रा १०० मिमी, छत मात्र २५! म्हणून प्रत्येक बाजूला वेगळी जाडी द्यावी लागते. १९४३ मध्ये कुर्स्कला रशियन इल्यूशिन-२ विमानं छोटे बॉम्ब शेकड्यांनी टाकत, ते रणगाड्यांच्या अशाच पातळ छतांसाठी.

हॉस्टेलवर म्हणतात, ‘अरे, गेमच आहे ना, कशाला एवढं?’ पण त्या युद्धात विमानांनी फोडलेल्या रणगाड्यांचे आकडे बरेच फुगवून सांगितले गेले. आपला टायगर साध्या मशीनगनने पेटला, तर तीच थाप आपण पुढे सरकवतो.