वि. स. पागे : सभापतीचे आसन आणि कामाचा हक्क

विधिमंडळातील एखाद्या सदस्याची कारकीर्द अभ्यासताना आपण सहसा त्याने लढविलेल्या निवडणुका, भूषविलेली मंत्रिपदे आणि सभागृहातील गाजलेली भाषणे पाहतो. विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) यांच्या बाबतीत ही पद्धत फारशी उपयोगी पडत नाही. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने चर्चेत भाग घ्यायचा नसतो, पक्षाची बाजू मांडायची नसते आणि मते समसमान पडल्याखेरीज मतदानही करायचे नसते. सलग अठरा वर्षे अशा मौनाच्या आसनावर बसलेल्या माणसाला महाराष्ट्र ‘रोजगार हमी योजनेचे जनक’ म्हणून ओळखतो. ही विसंगती समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विधान परिषदेचे अधिकार मुळातच मर्यादित आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. धन विधेयकाबाबत परिषदेला केवळ शिफारस करता येते आणि तीही चौदा दिवसांच्या आत. ज्या योजनेचा प्राणच पैसा आहे, अशी योजना या सभागृहाच्या बळावर उभी राहणे शक्य नव्हते. त्यामुळे पागे यांनी आपला विचार सभागृहाबाहेर, मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे चिकाटीने मांडला. मात्र तत्पूर्वी तो प्रत्यक्षात तपासून पाहिला, ही बाब विशेष महत्त्वाची. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात हा प्रयोग झाला. काम मागणाऱ्याला काम दिले, तर किती माणसे येतात, कोणती कामे निघतात आणि खर्च किती होतो, असे साधे प्रश्न त्यामागे होते. ‘गरिबी हटविणे’ या भव्य शब्दांपेक्षा हे प्रश्न लहान वाटतात. पण शासनाच्या तिजोरीला पटते ते अशाच हिशेबाने.

१९७२ मध्ये ही योजना राज्याने स्वीकारली आणि त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बहात्तरच्या आठवणी आजही निघत असतील : खडी फोडणाऱ्या बायका, तांबडी मिलो, सुकडीचे वाटप, पाझर तलावांची मातीकामे. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. नवी योजना तात्पुरती बाजूला राहिली आणि मदतकार्यानेच सर्व व्यवस्था व्यापली. तरीही या दुष्काळाने एक गोष्ट सिद्ध केली : एवढ्या मोठ्या संख्येने लोकांना मजुरीवर घेणे प्रशासनाला जमू शकते.

येथे ‘मदत’ आणि ‘हमी’ या दोन शब्दांतील अंतर नीट पाहिले पाहिजे. मदत देणारा ती केव्हा द्यायची, किती द्यायची आणि केव्हा थांबवायची, हे स्वतः ठरवतो. दुष्काळ जाहीर झाला की कामे निघतात, पाऊस पडला की ती बंद होतात. हमीमध्ये पुढाकार मागणाऱ्याकडे जातो. ‘मागेल त्याला काम’ या घोषणेतील क्रियापद म्हणूनच मोलाचे आहे. काम ‘दिसेल त्याला’ किंवा ‘पात्र ठरेल त्याला’ नव्हे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, परंतु त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने हे तत्त्व ग्रामीण अकुशल मजुरांपुरते का होईना, बंधनकारक केले.

१९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने काम मागितल्यास ते पंधरा दिवसांत दिले पाहिजे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती. हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता. रक्कम तुटपुंजी खरी. पण शासन आपले कर्तव्य चुकल्याची कबुली त्या एका रुपयात होती. निधीसाठी १९७५ पासून व्यवसाय कर आकारला जाऊ लागला. म्हणजे मुंबई-पुण्यातील पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम मराठवाड्यातील नालाबांधापर्यंत पोहोचली.

योजनेला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला, याचे श्रेय केवळ करुणेला देणे भाबडेपणाचे ठरेल. बागायतदाराला बांधबंदिस्तीचा, पाझर तलावाचा लाभ होत होता. कराचा मोठा भार शहरांवर होता. आणि गावात काम मिळाल्याने मजुरांचे शहरांकडे जाणारे लोंढे रोखले जातील, अशीही अपेक्षा होती. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, मुकादमाची मनमानी यांविषयीच्या तक्रारीही दीर्घकाळ होत राहिल्या. तथापि शेतमजूर स्त्रियांनी ही कामे मोठ्या संख्येने स्वीकारली आणि कामाच्या मागणीसाठी तहसील कचेरीवर मोर्चे निघू लागले. मदत मागणाऱ्याने हात जोडायचे असतात. हक्क मागणाऱ्याला मोर्चा काढता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते कायद्याचा सर्वांत खोल परिणाम हाच होय.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. केंद्राने प्रत्येक कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी दिवसांची मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाला नव्हे, तर व्यक्तीला होता. पागे हे पाहण्यास हयात नव्हते. त्यांच्या नावाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आज राज्य विधिमंडळात आहे. नव्या सदस्यांना तेथे सभागृहाचे नियम शिकविले जातात.