मेडशीहून मत्स्यालय पाहायला: खर्चाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मत्स्यालयाच्या सहलीत प्रवेशाचे तिकीट हा बहुधा सर्वांत लहान खर्च असतो. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, अकोला-वाशिम रस्त्यावर वसलेल्या मेडशीसारख्या गावाच्या बाबतीत तर हे ठळकपणे दिसते, कारण समुद्रातले जिवंत मासे पाहायचे तर इथून शेकडो किलोमीटर जावे लागते. घरात चर्चा मात्र तिकिटाचीच होते. पैसे वाया जातात ते जुन्या माहितीमुळे, उशिरा केलेल्या आरक्षणामुळे आणि सवलतींचे नियम अर्धवट ठाऊक असल्यामुळे.

‘मुंबईला गेले की तारापोरवाला पाहून होतेच’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. बांधकामाला त्या काळी सुमारे 8 लाख रुपये लागले आणि त्यातले 2 लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले, म्हणून त्यांचे नाव. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडले, तेव्हा डोक्यावरून मासे पोहताना दिसतील असा पारदर्शक बोगदा हे त्याचे मुख्य आकर्षण होते. प्रौढांना 60 आणि मुलांना 30 रुपये तिकीट होते. विदर्भातल्या कित्येक शाळांच्या मुंबई सहलीत तिथला थांबा ठरलेला असे, त्यामुळे आज पालक असलेल्या पिढीच्या मनात ते नाव पक्के बसले आहे. पण 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत बंद झालेले हे मत्स्यालय प्रेक्षकांसाठी पुन्हा उघडले नाही. पुढे इमारत धोकादायक ठरली आणि पुनर्बांधणीचा विषय पुढे आला. जुनी माहिती सांगणारी पाने आणि चित्रफिती मोबाईलवर अजूनही फिरतात, त्यांत वेळापत्रक आणि दरही असतात. त्यांवर विसंबून निघणाऱ्या कुटुंबाचा सगळाच खर्च पाण्यात जातो.

मग पाहायचे काय? मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, हम्बोल्ट पेंग्विन आहेत. ते 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आणले गेले आणि मार्च 2017 पासून लोकांना पाहता येऊ लागले. काचेआड पाण्याखाली पोहणारा पेंग्विन हाताच्या अंतरावरून दिसतो, आणि तो उद्यानाच्या त्याच तिकिटात. सुरतेत महापालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय पाल भागात आहे आणि अकोल्याहून भुसावळ-जळगावमार्गे सुरतेला थेट गाड्या जातात. अहमदाबादच्या सायन्स सिटीत 2021 पासून मोठे जलचर दालन सुरू आहे, त्यात 28 मीटर लांबीचा काचेचा बोगदा आहे. कोकणात जाणे होणार असेल तर रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा ठेवलेले संग्रहालय आहे. देखभालीसाठी यांतले कोणतेही ठिकाण अचानक बंद राहू शकते. आरक्षण करण्याआधी एक फोन करणे ही या सहलीतली सर्वांत स्वस्त बचत.

आठवड्याच्या सुट्टीचेही तसेच. राणीची बाग बुधवारी बंद असते. मंगळवारी रात्री अकोल्याहून निघालेले कुटुंब बुधवारी सकाळी बंद फाटकापुढे उभे राहते.

‘मोठ्या माणसांना पूर्ण, मुलांना अर्धे, एवढेच काय ते’

सवलतींचे नियम बसला वेगळे आणि रेल्वेला वेगळे आहेत, आणि दोन्ही गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. हे सर्वांत चांगले कळते ते एका कुटुंबाच्या हिशोबातून. 76 वर्षांची आजी, आई, वडील, 13 वर्षांची मुलगी आणि 8 वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे धरू.

मेडशी ते अकोला हा पातूरवरून जाणारा सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता एसटीने केला, तर आजीला तिकीट लागत नाही. 75 वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास ऑगस्ट 2022 पासून मोफत आहे. आईला आणि मुलीला 17 मार्च 2023 पासून लागू झालेल्या महिला सन्मान योजनेत अर्धे तिकीट. मुलगा 5 ते 12 या वयोगटात, त्याचेही अर्धे. पूर्ण तिकीट एकट्या वडिलांचे. पाच माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. आजी 65 ते 75 मधल्या असत्या तरी त्यांना अर्धेच पडले असते. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. वाहकाने मागितल्यावर आधार कार्ड घरी राहिले असे सांगून चालत नाही. ‘पाच जण आहोत, गाडीच करू’ हा नेहमीचा विचार या अडीच तिकिटांशी ताडून पाहिला, की स्टेशनपर्यंत गाडी करणे बहुतेक वेळा परवडत नाही. रात्री उशिराची गाडी असेल, सामान खूप असेल किंवा आजींना चढ-उतार जमत नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पैशापेक्षा माणूस पाहावा. एसटीच्या या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू आहेत, त्यामुळे सुरत किंवा अहमदाबादच्या हिशोबात त्या धरू नयेत.

आता तेच पाच जण अकोल्याला रेल्वेत बसतात. इथे आजीला पूर्ण तिकीट पडते. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये थांबवली, आणि ती अजून आहे या समजुतीने अनेक घरे खर्चाचा अंदाज कमी धरतात. 13 वर्षांच्या मुलीलाही पूर्ण. मुलाच्या बाबतीत मात्र निवड करावी लागते. 5 वर्षे पूर्ण आणि 12 वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे, घेतल्यास पूर्ण. एप्रिल 2016 पूर्वी अर्ध्या तिकिटातही बर्थ मिळत असे, म्हणून अर्ध्या तिकिटात बर्थ मिळतो हा गैरसमज आजही टिकून आहे. पाच वर्षांखालील मुलाला बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही.

अकोला ते मुंबई स्लीपरचे भाडे साधारण 350 ते 400 रुपयांच्या दरम्यान आहे. चार बर्थ आणि एक अर्धे तिकीट धरले, तर जाऊन-येऊन साधारण 3,150 ते 3,600 रुपये होतात. राणीच्या बागेत आई-वडील आणि दोन मुलांचे एकत्रित तिकीट ऑगस्ट 2017 च्या दरवाढीपासून 100 रुपयांचे आहे. चौघांची तिकिटे सुटी घेतली तर 150 होतात. एकत्रित तिकीट मागून घेतले की 50 रुपये वाचतात. ते वाचवावेतच, पण तीच दक्षता साडेतीन हजारांच्या बाबतीत दाखवली तर फरक कितीतरी मोठा पडतो.

‘तत्काळमध्ये थोडेच जास्त लागतात’

स्लीपरच्या तत्काळ तिकिटाला भाड्यावर प्रत्येकी 100 ते 200 रुपये जास्त पडतात. चार बर्थ आणि दोन्ही बाजूंचा प्रवास धरला तर ही रक्कम किमान 800 रुपये होते, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर परतावा मिळत नाही. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी वर्षभर आधी ठाऊक असते. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडते, पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. जुन्या सवयीने चार महिने आधी खिडकीवर जाणारा माणूस रिकाम्या हाताने परततो, आणि पुढे तो विषय मागे पडून शेवटी तत्काळवर येतो.

खिडकीवर तिकीट काढले की ऑनलाइनचे सुविधा शुल्क वाचते, हेही अर्धेच खरे आहे. बिनवातानुकूलित वर्गासाठी हे शुल्क एका तिकिटामागे 10 ते 15 रुपये अधिक कर इतकेच असते, आणि एका तिकिटावर सगळे कुटुंब बसते. तेवढ्यासाठी मेडशीहून अकोल्याला किंवा वाशिमला एक फेरी मारली तर बसभाडेच त्याच्या कितीतरी पट जाते.

मुक्कामाचा खर्च टाळता येतो, तोही रेल्वेच्याच जोरावर. संध्याकाळनंतर अकोल्यावरून निघणाऱ्या गाड्या सकाळी मुंबईत पोचतात आणि परतीच्या गाड्या संध्याकाळी सुटतात. दोन रात्री गाडीत काढल्या की मुंबईत खोली घ्यावी लागत नाही. सामान छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या सामानघरात ठेवता येते. त्यासाठी पिशवीला कुलूप आणि हातात प्रवासाचे तिकीट लागते, म्हणून चेनची बॅग आणि छोटे कुलूप घरूनच न्यावे. तिथून लोकलने मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे स्टेशन भायखळा. लोकलचे किमान भाडे 5 रुपये. स्टेशनपासून बाग पायी जाण्याच्या अंतरावर आहे. टॅक्सी करणे अगदीच अनावश्यक.

‘तिकीट कमी म्हणजे पाहण्यासारखे कमी’

समुद्री मासे ठेवणे हे खर्चाचे काम आहे. पाण्याची क्षारता सतत मोजावी लागते, तापमान राखावे लागते, गाळणीची यंत्रे चोवीस तास चालतात. सरकारी किंवा महापालिकेच्या संस्थेत हा खर्च बराचसा सार्वजनिक पैशातून होतो, म्हणून तिकीट कमी राहते. खासगी ठिकाणी तोच खर्च प्रेक्षकाकडून वसूल होतो. त्यामुळे दरावरून दर्जा ठरवणे चुकीचे आहे.

एका तिकिटात सगळे येते, हे गृहीत धरणेही तितकेच चुकीचे. अहमदाबादच्या सायन्स सिटीत फाटकावरचे प्रवेश तिकीट वेगळे आणि जलचर दालनाचे वेगळे आहे. जत्रेत किंवा शहरातल्या मैदानावर लागणाऱ्या ‘अंडरवॉटर टनेल’ प्रदर्शनांतही हाच प्रकार असतो: बोगद्याचे तिकीट काढून आत गेले की पाळणे, खेळ आणि खाण्याचे दर पुढे उभे. अशा तात्पुरत्या बोगद्यांत बहुधा गोड्या पाण्यातले शोभेचे मासे असतात. मुलांना गंमत म्हणून ते ठीक, पण प्रवाळाजवळ राहणारे मासे किंवा समुद्री कासव पाहण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

भायखळ्याला उद्यानाच्या आवारालाच लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही मुंबईतली सर्वांत जुनी संग्रहालयाची इमारत. एका दिवसात दोन्ही होते, वेगळा प्रवासखर्च लागत नाही. तेही बुधवारी बंद.

खाण्याच्या बाबतीत वऱ्हाडातल्या घरांना काही शिकवायची गरज नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे दीड दिवस सहज टिकते. फक्त डबा स्टीलचा आणि पाण्याची बाटली पक्की असावी, कारण अशा ठिकाणी प्लास्टिकच्या पिशव्या फाटकावरच काढून घेतात. दालनाच्या आत खाऊ नये, बाहेर बसून खावे.

शाळेमार्फत जाणाऱ्या मुलांचा हिशोब आणखी हलका असतो. शैक्षणिक सहलीसाठी एसटी प्रासंगिक करारावर बस देते आणि शाळांना भाड्यात 50 टक्के सवलत देते. शिक्षकांनी आगारात वेळेवर अर्ज केला तर खासगी बस करण्याचे कारण उरत नाही.

‘त्यापेक्षा घरीच मासे पाळणे स्वस्त’

सहलीहून परतल्यावर मुले मासा मागतात आणि काचेचा गोल वाडगा घरात येतो. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो, पण त्याला भरपूर पाणी आणि गाळणी लागते. वाडग्यातल्या थोड्या पाण्यात त्याच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया साठतो आणि मासा काही दिवसांत मरतो. मग दुसरा आणला जातो, तोही त्याच कारणाने मरतो. वर्षभरात यावर होणारा खर्च मोजला तर तो स्वस्त म्हणता येत नाही, आणि माशांचे हाल होतात ते वेगळेच.

मुलांना मासा जवळून पाहायचाच असेल तर गप्पी योग्य. डासांच्या अळ्या खाणारे हे मासे आरोग्य विभाग हिवताप आणि डेंग्यूच्या नियंत्रणासाठी वाढवतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केल्यास ते पैसे न देता मिळू शकतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. सिमेंटच्या टाकीत पाणवनस्पती ठेवली तर महिन्याभरात पोटुशी मादी आणि मग टाचणीच्या डोक्याएवढ्या डोळ्यांची पिल्ले मुलांना रोज पाहता येतात. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा फार वेगाने वाढतो आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लेही खातो, म्हणून टाकी रिकामी करताना गप्पी ओढ्यात, काटेपूर्णेच्या पात्रात किंवा धरणात सोडू नयेत. ते आरोग्य केंद्राला परत द्यावेत.